दोन पाय, एक टाळी, एक रिकामी मात्रा

बडोद्याच्या आमच्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्याची जमीन अजून लाकडी फळ्यांची आहे. गेल्या दिवाळीत घरची सगळी मुलं जमली होती. फराळ करून मोठी माणसं खाली जरा लवंडली, तेवढ्यात वरून सुरू झालं: धप धप, टाळी. धप धप, टाळी. तक्तपोशीच्या फटींतून बारीक माती सतरंजीवर पडायला लागली. माझी आई ब्याऐंशी वर्षांची. ती उठून बसली. मला वाटलं, आता जिन्यापाशी जाऊन मुलांना दटावणार. तिने मांडीवर दोन थापा दिल्या आणि वरच्या मुलांच्या बरोबर, अगदी त्याच क्षणी, टाळी वाजवली.

"काय चाललंय रे पोरांचं?" तिने विचारलं. "पण सोपं आहे."

आईने हे गाणं जन्मात ऐकलेलं नव्हतं. एका आवर्तनात ते तिच्या हाताला लागलं. 'क्वीन' या ब्रिटिश बँडच्या 'वी विल रॉक यू' या गाण्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं तिच्या त्या "सोपं आहे" मध्येच आहे. १९७७ सालचं हे गाणं आज जगातल्या कुठल्याही मैदानावर वाजतं, ते का? ते ऐकणाऱ्याला काम देतं म्हणून. आणि ते काम कुणालाही जमेल असं मुद्दाम, विचार करून बेतलेलं आहे.

आधी गाण्यात काय काय आहे ते बघू. यादी फार लहान आहे. चार समान मात्रांचं एक आवर्तन. पहिल्या दोन मात्रांना पाय आपटायचा, तिसरीला टाळी, चौथी रिकामी. त्यावर एक माणूस कडवी म्हणतो, ध्रुवपदाला बाकीचे साथ देतात. ड्रम नाहीत, बास गिटार नाही, पियानो नाही. शेवटच्या साधारण अर्ध्या मिनिटात एक गिटार येते आणि गाणं संपतं. एकूण वेळ जेमतेम दोन मिनिटं. रॉजर टेलरसारखा ड्रमर आणि जॉन डीकनसारखा बास वाजवणारा हाताशी असताना त्या दोघांची वाद्यं बाजूला ठेवून हे गाणं झालं.

हे किती धाडसाचं होतं ते कळायला दोन वर्षं मागे जावं लागतं. १९७५ मध्ये याच बँडने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे जवळपास सहा मिनिटांचं गाणं काढलं होतं. त्यात आवाजावर आवाज, थरावर थर चढवलेले. अख्खा ऑपेरा चार माणसांनी उभा केला होता. लोकांनी ते डोक्यावर घेतलं, पण ते ऐकायचं गाणं होतं. प्रेक्षकाने त्यात नेमकं कुठे शिरायचं? १९७७ उजाडेपर्यंत लंडनमध्ये पंकची लाट आली होती. तीन सूर, मोठा आवाज, नटवणं नको, असा त्या पोरांचा खाक्या. क्वीनसारखे बँड फार अलंकारिक झालेत, अशी टीका तेव्हा सर्रास व्हायची. क्वीन ज्या स्टुडिओत हे गाणं असलेला अल्बम करत होते, त्याच स्टुडिओत त्याच सुमाराला 'सेक्स पिस्तल्स' हा पंकमधला सगळ्यात गाजलेला बँडही रेकॉर्डिंग करत होता. म्हणजे तो काळ शेजारच्या खोलीतच येऊन बसला होता. पण या गाण्याचं मूळ पंकमध्ये नाही. ते एका रात्री प्रेक्षकांनी जे केलं त्यात आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावाजवळच्या बिंगली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम होता. प्रदर्शनं भरवायची ती प्रचंड शेडवजा जागा, लोक दाटीवाटीने उभे. कार्यक्रम संपला, बँड आत गेला, आणि प्रेक्षक आपणहून गायला लागले. क्वीनचं गाणं नव्हे, तर 'यू विल नेव्हर वॉक अलोन'. हे १९४५ च्या एका अमेरिकन संगीतिकेतलं गाणं, पुढे लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींनी ते आपलंसं केलं. गिटारवादक ब्रायन मे आत उभा राहून ऐकत होता. आपण गायचं आणि त्यांनी ऐकायचं, अशी जी विभागणी आपण धरून चालतो ती त्या रात्री त्याच्यासमोर उलटी झाली. त्या रात्री झोपताना एकच प्रश्न त्याच्या डोक्यात होता: इतकी माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, हलायलाही जागा नसते, तर त्यांना नेमकं करता काय येईल? उत्तर अगदी शरीराशी बांधलेलं होतं. पाय जागच्या जागी आपटता येतील, हात छातीसमोर आणून टाळी वाजवता येईल आणि तोंडाने गाता येईल. बस, एवढंच. सकाळी उठला तेव्हा गाणं डोक्यात तयार होतं.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. बहुतेक गाणी गवय्याच्या गळ्याला काय शोभेल यापासून सुरू होतात. हे गाणं गर्दीतल्या माणसाला काय जमेल यापासून सुरू झालं. आपल्याकडे भजन आणि आरती पिढ्यान्‌पिढ्या याच हिशेबाने चालत आली आहे. आरतीला ज्याला सूर नाही तोही टाळी वाजवतो, ज्याला शब्द येत नाहीत तोही "जय देव, जय देव"ला सामील होतो. आरती बांधणाऱ्याला ते माहीत होतं. रॉकच्या रंगमंचावर मात्र असा विचार करणारे थोडे.

आता रेकॉर्डिंगकडे येऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे. उत्तर लंडनमधला वेसेक्स स्टुडिओ म्हणजे चर्चची वापरातून गेलेली जुनी वास्तू, उंच छताची. त्या जागेला मुळातच चांगला घुमारा होता. तिथे काही जुन्या फळ्या पडलेल्या होत्या. त्या एकावर एक रचल्या, वर उभे राहिले आणि पाय आपटायला लागले. लाकूड का, हे आमच्या वाड्यात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. फरशीवर पाय आपटला की टाच दुखते आणि आवाज तिथेच मरतो. फळीखाली पोकळी असेल तर तीच फळी ढोलाच्या पानासारखी काम करते.

पण पाय आपटणारी माणसं मोजकी, आणि हवी होती हजार. एकाच पट्टीवर पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रण करून थर वाढवता येतात, तसे त्यांनी वाढवलेही. पण तेवढ्याने हजार माणसं होत नाहीत, मोजक्या माणसांचा आवाज फक्त मोठा होतो. इथे ब्रायन मेचं शिक्षण कामाला आलं. तो लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधला भौतिकशास्त्राचा पदवीधर. सूर्यमालेतल्या धुळीवर त्याचं पीएचडीचं संशोधन चालू होतं, ते बँडसाठी मध्येच सोडलं होतं. (ते त्याने २००७ मध्ये पूर्ण करून पदवी घेतली, तीस वर्षांहून जास्त खंड पडल्यावर.) त्याने प्रश्न असा मांडला: हजार माणसं खरोखर एका मोठ्या जागेत पाय आपटत असतील तर मधोमध उभ्या असलेल्याला काय ऐकू येईल?

ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शेजारच्या माणसाची टाळी लगेच पोचते. ३४ मीटरवरच्या माणसाची टाळी एक दशांश सेकंद उशिरा येते, १०० मीटरवरची जवळपास तीन दशांश सेकंदाने. सगळ्यांनी अगदी अचूक एकाच क्षणी टाळी दिली तरी आपल्या कानाला ती पसरलेली लागते. कडक 'टप्' असा ठोका न येता पावसाची सर पत्र्यावर आल्यासारखा आवाज येतो. गर्दी ही गर्दी वाटते ती या पसरण्यामुळे. म्हणून मेने प्रत्येक ठोक्याला उशिराने येणाऱ्या पुनरावृत्त्या जोडल्या. प्रतिध्वनी नव्हे, हा फरक महत्त्वाचा आहे. प्रतिध्वनीत आवाज परत परत येत विरत जातो, विहिरीत ओरडल्यासारखा. इथे प्रत्येक पुनरावृत्ती एकदाच येते, एका ठराविक अंतरावरून, जणू तिथे एक वेगळा माणूस उभा आहे.

आणि ही अंतरं त्याने मूळ संख्यांच्या हिशेबाने ठेवली. मूळ संख्या म्हणजे ज्यांना एक आणि ती संख्या स्वतः सोडून दुसऱ्या कशाने भाग जात नाही त्या: दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. हे कशाला? तालाच्या भाषेत सांगतो, म्हणजे झटकन कळेल. केरव्याच्या आठ मात्रा आणि त्रितालाच्या सोळा मात्रा एकाच वेळी सुरू केल्या तर दोघांची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दर सोळा मात्रांनी एकत्र येते. पण रूपकाच्या सात आणि रुद्रतालाच्या अकरा मात्रा बरोबर सुरू केल्या, तर दोघांची सम एकदम पडायला सत्याहत्तर मात्रा जाव्या लागतात. तसंच इथे. पुनरावृत्त्या वीस, चाळीस, साठ अशा सारख्या अंतराने आल्या तर त्या एका रांगेत बसतात. ती रांग कानाला लगेच सापडते, आणि आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा कृत्रिम वाटतो. मूळ संख्यांची अंतरं एका रांगेत बसत नाहीत. खऱ्या गर्दीतली माणसंही आपापली अंतरं मोजून उभी राहत नाहीत, नाही का? एका खगोलशास्त्रज्ञाने मूठभर पायांची फौज केली ती अशी.

आता त्या चौथ्या, रिकाम्या मात्रेबद्दल. मला विचाराल तर गाण्याचा जीव तिथे आहे.

आपल्या तालात टाळी असते आणि खाली असते, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा. गायक मौलाबक्षांनी महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली, गाणं कागदावर लिहून शिकवायची पद्धत बसवली. त्या शहरात वाढलेल्या माणसाला खालीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण आपल्या खालीतही तबला वाजतच असतो, फक्त भार हलका होतो. या गाण्यातली चौथी मात्रा खरोखर मोकळी आहे. गाण्याची लय अशी की एक मात्रा साधारण ०.३७ सेकंदाची. म्हणजे टाळी पडल्यापासून पुढचा पाय पडेपर्यंत सुमारे पाऊण सेकंद मिळतो. वरचा हिशेब आता मैदानावर लावून बघा. १०० मीटरवरची टाळी ०.३ सेकंदाने पोचेल, २०० मीटरवरची ०.६ सेकंदाने. दोन्ही त्या मोकळ्या जागेत येऊन पडतात. मैदानाच्या दुसऱ्या टोकाची टाळीसुद्धा पुढच्या पायावर आदळत नाही. उशीर झालेल्यांसाठी गाण्यातच जागा राखलेली आहे.

दर मात्रेला टाळी असती तर काय झालं असतं ते आरतीत अनुभवाला येतं. आरती पुढे पुढे जलद होत जाते आणि शेवटी सगळ्यांच्या टाळ्या एकमेकांत मिसळतात. देवघरात त्याचीही एक गोडी असते. स्टेडियमवर मात्र त्याचा नुसता गोंगाट होईल. २००० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात रुमानिया आणि हंगेरीतल्या सभागृहांमधल्या टाळ्यांवर एक अभ्यास आला होता. लोक आधी आपापल्या वेगाने, जलद टाळ्या वाजवतात. मग एकाएकी सगळ्यांच्या टाळ्या जुळतात, आणि जुळतात तेव्हा प्रत्येकाचा वेग जवळपास निम्म्यावर आलेला असतो. गर्दीला एका लयीत यायचं तर सावकाश व्हावं लागतं. 'वी विल रॉक यू'त टाळी दीड सेकंदातून एकदाच आहे. हा अभ्यास होण्याच्या तेवीस वर्षं आधी हे गाणं तिथे पोचलं होतं.

बडोदेकराला याचा दाखला दरवर्षी नवरात्रात मिळतो. आपल्याकडच्या मोठ्या गरब्यात हजारो माणसं एकात एक अशा रिंगणांतून फिरतात. बे ताळी (दोन टाळ्यांचा गरबा) असो की त्रण ताळी (तीन टाळ्यांचा), वळायचं कधी, वाकायचं कधी, हे ती टाळीच सांगते. बाहेरच्या रिंगणातल्याला गायक दिसतही नाही, तो समोरच्याची टाळी बघून चालतो. मी शाळेत लेझीम खेळलो तेव्हा आमचे सर हेच सांगायचे: कानाने उशीर होतो, डोळ्याने जुळव. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या प्रा. माणिकरावांनी या गावात सांघिक व्यायामाची जी परंपरा रुजवली, तिच्या मुळाशी हीच समजूत होती. शेकडो शरीरं एकत्र हलवायची तर हालचाल सोपी हवी, ठोका स्पष्ट हवा आणि मध्ये श्वासाला जागा हवी.

शब्दांकडे लोक लक्ष देत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका शाळेच्या क्रीडादिनाला मी गेलो होतो. तिथे ध्रुवपद तेवढं कापून पुन्हा पुन्हा लावलं होतं, कडवं एकही नाही. ध्रुवपद म्हणजे आव्हान आहे, "आम्ही तुम्हाला हादरवून सोडू", ते मैदानावर शोभतं. पण कडवी तीन आहेत आणि तिन्ही मिळून एका माणसाचं आयुष्य होतं. पहिल्यात रस्त्यावर दंगा करणारा, डबा लाथाडत फिरणारा मुलगा आहे, एक दिवस मोठा होईन म्हणणारा. दुसऱ्यात तोच तरुण झालाय, रस्त्यावर ओरडतोय, जग अंगावर घ्यायला निघालाय. तिसऱ्यात तो गरीब म्हातारा आहे, डोळ्यांनी विनवणी करतोय, त्याला थोडी शांतता हवी आहे. पहिल्या कडव्यात चेहऱ्यावर चिखल, दुसऱ्यात रक्त, तिसऱ्यात परत चिखल. तो मोठा कधी झालाच नाही. आणि प्रत्येक कडव्यानंतर तीच गर्दी तेच ध्रुवपद म्हणते. मुलाच्या तोंडी ते स्वप्न वाटतं, तरुणाच्या तोंडी धमकी. म्हाताऱ्यानंतर ते कोण कोणाला म्हणतंय, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तिन्ही कडवी सलग ऐकली तर मला तरी विजयाचं गाणं ऐकल्यासारखं वाटत नाही.

मग गिटार. दीड मिनिट फक्त पाय, टाळ्या आणि आवाज ऐकल्यावर ती येते, म्हणून ती इतकी भरदार लागते. ही गिटार मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून घरी बसून बनवलेली. तिच्या दांड्याचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतून काढलेलं, आत मोटरसायकलच्या स्प्रिंगा. वाजवायला तो प्लॅस्टिकची पट्टी वापरत नाही, सहा पेनीचं जुनं नाणं वापरतो. नाण्याच्या दातेरी कडेमुळे तारेवर किंचित खरखर येते. नीट कान देऊन ऐकलीत तर ती सापडेल.

ऑक्टोबर १९७७ मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या अल्बमचं पहिलं गाणं म्हणून हे आलं. दुसरं होतं क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीने लिहिलेलं 'वी आर द चॅम्पियन्स', आणि दोन्ही एकाच छोट्या तबकडीच्या दोन बाजूंनाही होती. रेडिओवाल्यांनी ती एकापाठोपाठ एक लावायला सुरुवात केली. आधी आव्हान, मग विजय, हा क्रम लोकांच्या मनात बसला तो कायमचा. ती तबकडी ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. पुढे १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर 'लाइव्ह एड' या मदतनिधीसाठीच्या मैफलीत क्वीनने वीसेक मिनिटांच्या आपल्या कार्यक्रमाचा शेवट याच जोडीने केला. समोर सुमारे ७२ हजार माणसं होती. मूळ संख्यांची करामत तिथे लागलीच नाही, कारण जी गर्दी स्टुडिओत बनवावी लागली होती ती खरीखुरी समोर उभी होती. २००२ मध्ये या नावाची संगीतिका लंडनला सुरू झाली आणि बारा वर्षं चालली. २००९ मध्ये गाण्यांची ही जोडी संगीतातल्या ग्रॅमी पुरस्कारांच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या समारोपात ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी गायिका जेसी जे हिला बरोबर घेऊन हे पुन्हा सादर केलं. पण हे मानसन्मान मला दुय्यम वाटतात. भाषा कळत नसलेल्या माणसालाही ते वाजवता येतं, ही त्याची खरी पोच.

बडोद्याहून मुंबईला जाताना सुरत गेलं की नवसारी लागतं, मग बिलिमोरा, मग वलसाड. नवसारी गायकवाडांच्या राज्यात होतं, वलसाड ब्रिटिशांच्या सुरत जिल्ह्यात. या वलसाडचं जुनं नाव बुलसार, आणि ज्याच्या आवाजात हे गाणं जगाने ऐकलं त्या फ्रेडी मर्क्युरीचं खरं नाव फारोख बुलसारा. आईवडील गुजरातचे पारशी, त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारमध्ये, शाळा आपल्या पाचगणीतली सेंट पीटर्स. तिथे त्याने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड केला. १९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. या गाण्यात तो फारसे सूर फिरवत नाही, हे मुद्दाम ऐकण्यासारखं आहे. इतका मोठा गळा असलेला माणूस इथे जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतो, गर्दीला मागून येता यावं इतक्या आवाक्यात.

त्या दिवशी संध्याकाळी मुलांनी तेच खाली चौकात करून बघितलं. चौकात कोटा फरशी आहे. आठ जणांनी जीव खाऊन पाय आपटले, पण आवाज काही येईना. टाळ्या तेवढ्या वाजल्या. माझी भाची जरा वेळ फरशीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मामा, वरच बरं होतं." सगळी पुन्हा जिना चढून वर गेली. आईने सतरंजी झटकली, माती पडत नाही त्या भिंतीकडे सरकवली, आणि पहिला धप ऐकू यायची वाट बघत हात मांडीवर ठेवून बसली.